सोबत आणि ताटातूट : भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममधील सोबत्यांचा प्रश्न

सारांश

भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममध्ये नायकाबरोबर काही सोबती प्रवास करतात. या सोबत्यांनी आरंभापासून शेवटपर्यंत एकत्र राहावे की कथानकाच्या ओघात त्यांची ताटातूट व्हावी, हा प्रश्न खेळांची रचना करणाऱ्यांपुढे अनेक दशके उभा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची उकल निवडक खेळांच्या आधारे केली आहे. सोबत्यांना एकत्र ठेवण्यामागील नियमांची कारणे, एकत्र ठेवल्याने निर्माण होणाऱ्या लेखनविषयक अडचणी आणि ताटातुटीचे तीन प्रकार यांचा क्रमाने विचार केला आहे. सोबत्याला निघून जाणे शक्य असेल तरच त्याचे राहणे अर्थपूर्ण ठरते, असे प्रतिपादन लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : भूमिकाप्रधान खेळ, सोबती, चमू, ताटातूट, निवड, नैतिक जबाबदारी

१. प्रस्तावना

एकत्र निघालेल्या प्रवाशांनी शेवटपर्यंत एकत्र राहावे काय, हा प्रश्न कथावाङ्मयाला नवा नाही. महाभारतातील पांडव वनवासात एकत्र राहिले, परंतु दिव्यास्त्रांसाठी अर्जुनाला एकट्यालाच जावे लागले. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी व चौघे भाऊ एकामागून एक गळून पडले. अखेरीस युधिष्ठिराबरोबर उरला तो एक श्वान, आणि त्याला मागे टाकून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिराने नकार दिला. पाश्चात्त्य साहित्यात टॉल्किन यांच्या १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीत नऊ सोबत्यांचा गट पहिल्या खंडाच्या शेवटीच फुटतो आणि पुढील कथा निरनिराळ्या वाटांनी सांगितली जाते.

या दोन्ही ठिकाणी वाचक हा साक्षीदार असतो. सोबती का दुरावला याचे उत्तर त्याला द्यावे लागत नाही. भूमिकाप्रधान व्हिडिओ गेममध्ये मात्र परिस्थिती निराळी असते. येथे कोणाला बरोबर घ्यायचे, कोणाला मागे ठेवायचे आणि कोणाला धोक्याच्या ठिकाणी पाठवायचे, हे बहुतांशी खेळणारी व्यक्तीच ठरवते. त्यामुळे ताटातुटीचा प्रश्न केवळ कथानकाचा न राहता जबाबदारीचा होतो. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या वाचनाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, वेळ अशा खेळांत जात असताना या माध्यमाकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे अपुरे ठरते. ते सहवासाविषयी काय शिकवते, हे तपासणे साहित्याच्या व समाजशास्त्रांच्या अध्यापकांच्या दृष्टीनेही उपयुक्त आहे.

येथे 'भूमिकाप्रधान खेळ' म्हणजे रोल-प्लेइंग गेम. अशा खेळात खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राची कौशल्ये टप्प्याटप्प्याने वाढवतो आणि दीर्घ कथानकातून मार्ग काढतो. त्याच्याबरोबर असणाऱ्या पात्रांना प्रस्तुत लेखात 'सोबती' आणि त्या सर्वांच्या गटाला 'चमू' म्हटले आहे.

२. 'चमू फोडू नये' या संकेताचा उगम

या खेळांचा उगम संगणकात नसून मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मित्र एकत्र बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो आणि एक जण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णन करतो, असे त्याचे स्वरूप आहे. चमू कधीही फोडू नये, हा या खेळणाऱ्यांमध्ये रूढ झालेला संकेत आहे. त्याची कारणे व्यावहारिक आहेत. पहिले कारण असे की, संकटांची तीव्रता संपूर्ण गटाच्या बळाचा अंदाज घेऊन ठरवलेली असते. निम्मा गट तिला सामोरा गेला तर त्याचा टिकाव लागत नाही. दुसरे कारण असे की, गट विभागला की सूत्रधाराला एका वेळी एकाच भागाकडे लक्ष देता येते आणि उरलेल्यांना नुसते बसून राहावे लागते.

संगणकावरील आरंभीच्या खेळांनी हा संकेत नियमात बदलला. अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड यांच्या 'विझर्ड्री' (१९८१) या खेळात सहा जणांचा चमू भुयारात उतरतो. पुढच्या रांगेतील तिघे हातघाईची लढाई करतात आणि मागच्या रांगेतील तिघे मंत्रविद्येचा आधार देतात. पुढचे नसतील तर मागचे उघडे पडतात आणि मागचे नसतील तर पुढच्यांच्या जखमा भरून निघत नाहीत. संपूर्ण चमू भुयारात मारला गेला, तर त्यांची प्रेते तेथेच राहतात आणि ती आणण्यासाठी दुसरा चमू तयार करून पाठवावा लागतो.

अशा रचनेत एकत्र राहणे ही केवळ गरज असते. हे सोबती खेळाडूनेच नाव देऊन घडवलेले असतात. त्यांना स्वतःचे मत, भूतकाळ अथवा इच्छा नसते. ते न कुरकुरता बरोबर राहतात, कारण कुरकुरण्याची सोयच त्यांना दिलेली नसते. बुद्धिबळाच्या पटावरील मोहरे एकमेकांना राखतात म्हणून त्यांच्यात स्नेह आहे असे कोणी म्हणत नाही. 'विझर्ड्री'तील सहा जणांचे ऐक्य याच प्रकारचे आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मेजावरील खेळात चमू न फोडण्याची जी दोन कारणे होती, त्यांपैकी दुसरे कारण एकट्याने खेळायच्या संगणकीय खेळात शिल्लकच राहत नाही. तेथे ताटकळत बसणारे कोणी नसते. म्हणजेच संगणकावर चमू विभागणे तुलनेने सोपे झाले होते. तरीही जुना संकेत दीर्घकाळ टिकला. तो का टिकला आणि तो मोडल्यावर काय साधले, हे पुढील विवेचनात पाहावयाचे आहे.

३. एकत्र ठेवण्याची किंमत

सोबत्यांना स्वतःचे व्यक्तिमत्त्व दिले गेले, तेव्हा एक नवी अडचण उभी राहिली. ती गणिताची आहे. आठ सोबत्यांपैकी एक जण कायम ठेवून उरलेल्या सातांतून तिघांची निवड करायची असेल, तर ३५ निरनिराळे चमू संभवतात. चौदा पात्रांतून चौघांची निवड करायची असेल, तर ही संख्या १,००१ होते. पंचवीस सोबत्यांतून पाच जण निवडायचे असतील, तर ५३,१३० चमू संभवतात. प्रत्येक प्रसंगात, उपस्थित असलेल्या प्रत्येक चमूला शोभेल असा संवाद लिहिणे कोणत्याही लेखकमंडळाला शक्य नाही. त्यामुळे रचनाकारांना तडजोड करावी लागते. काही जण दोन-दोन सोबत्यांमधील छोटे संवाद लिहितात, कारण जोड्यांची संख्या आटोक्यात असते. पंचवीस सोबत्यांच्याही जोड्या ३०० च होतात. काही जण मुख्य प्रसंगात एकाच पात्राला बोलते करतात आणि इतरांना गप्प ठेवतात.

या दुसऱ्या तडजोडीचे ठळक उदाहरण म्हणजे २०१८ मधील 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर' हा जपानी खेळ. यात आठ प्रवासी आहेत आणि प्रत्येकाची स्वतंत्र कथा आहे. खेळाडू ज्याच्यापासून आरंभ करतो, तो प्रवासी त्याची कथा पूर्ण होईपर्यंत चमूतून काढता येत नाही. इतर तिघे निवडता येतात. हे चौघे एकत्र चालतात व एकत्र लढतात. परंतु एखाद्याच्या कथेतील महत्त्वाचा प्रसंग सुरू झाला की तो एकटाच समोर असतो. क्षणापूर्वी त्याच्या खांद्याला खांदा लावून लढणारे तिघे जणू तेथे नाहीतच, अशा रीतीने प्रसंग घडतो. प्रवासातील गप्पांचे छोटे प्रसंग जोडून ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे. तरी तिची जाणीव राहतेच. कथेच्या पलीकडील अखेरच्या गुप्त लढाईत मात्र आठही जणांना चौघाचौघांच्या दोन गटांत उतरवावे लागते. अनेक तासांनंतर प्रथमच आठही जणांची गरज एका वेळी भासते, आणि तीही दोन गटांत विभागून.

या उदाहरणावरून असे दिसते की, शारीरिक सान्निध्य आणि सहवास या दोन भिन्न गोष्टी आहेत. पडद्यावर चार आकृती सतत एकामागून एक चालत असल्या तरी त्या एकमेकांच्या आयुष्यात उपस्थित असतीलच असे नाही. म्हणून 'सोबत्यांना एकत्र ठेवावे काय' या प्रश्नाला 'ठेवावे' असे उत्तर देणाऱ्याने ते एकत्र असताना काय करतील, याचेही उत्तर द्यावयास हवे.

४. कथाकाराने घडवलेली ताटातूट

ताटातुटीचा पहिला प्रकार म्हणजे कथानकाच्या निर्णयाने घडणारी ताटातूट. खेळाडूला तीत मत नसते. स्क्वेअर या जपानी कंपनीच्या 'फायनल फँटसी'च्या चौथ्या भागात (१९९१) चमूतील माणसे सतत येत-जात राहतात. पालोम व पोरोम ही जुळी भावंडे जवळ सरकणाऱ्या भिंती थोपवण्यासाठी स्वतःला शिळारूप करून घेतात. टेल्ला हा वृद्ध मांत्रिक सूडासाठी सर्वांत प्रबळ मंत्र वापरतो आणि त्यातच प्राण गमावतो. खेळाडूच्या हातातील आधार अकस्मात नाहीसा होतो आणि उरलेल्यांना घेऊन पुढे जावे लागते. याचा परिणाम प्रभावी आहे; पण त्याला एक मर्यादाही आहे. बलिदान केलेल्यांपैकी बरेच जण पुढे जिवंत असल्याचे आढळते. असे वारंवार घडल्याने वियोगाचे गांभीर्य उणावते. पुढच्या वेळी एखादा सोबती प्राणावर उदार झाला, तर तो परत येईलच असा अंदाज खेळाडू बांधू लागतो.

याच मालिकेच्या सहाव्या भागाने (१९९४) या प्रकाराला वेगळे वळण दिले. योशिनोरी कितासे व हिरोयुकी इतो यांनी दिग्दर्शित केलेल्या या खेळात चौदा पात्रे चमूत येऊ शकतात आणि लढाईत एका वेळी चौघे असतात. खेळ आरंभापासूनच खेळाडूला विभागणीची सवय लावतो. एका ठिकाणी नदीतील प्रसंगानंतर चमू तीन वाटांनी जातो आणि कोणाची वाट आधी पाहायची हे खेळाडू ठरवतो. दुसऱ्या ठिकाणी बर्फाळ गावाच्या संरक्षणासाठी उपलब्ध माणसांचे तीन गट पाडावे लागतात. या टप्प्यावर विभागणी ही केवळ युक्ती असते. सगळे पुन्हा भेटणार याची खात्री असते.

खेळाच्या मध्यावर ही खात्री मोडते. खलनायक केफ्का जगाचा समतोल उद्ध्वस्त करतो, भूभाग दुभंगतात आणि चमू विखुरला जातो. एका वर्षानंतर सेलेस ही एकटीच एका निर्जन बेटावर जागी होते. ज्या खेळाडूने अनेक पात्रांना वाढवले, त्याच्या हाती आता एकच पात्र उरते. तिच्यापुढील पहिला प्रश्न युद्धाचा नसतो. बेटावर आजारी असलेल्या वृद्ध सिदला मासे पकडून खाऊ घालण्याचा असतो.

त्यानंतर जे घडते, ते या लेखाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. सेलेस तराफ्यावरून मुख्य भूमीवर पोहोचते. एडगर व सेट्झर हे दोघे भेटल्यावर आणि नवे विमान हाती आल्यावर खेळाडू थेट अखेरच्या संघर्षाकडे जाऊ शकतो. इतरांना शोधण्याची सक्ती नाही. जो त्यांना शोधील, त्याला प्रत्येक जण आपापल्या दुःखात गुंतलेला आढळतो. टेरा एका उद्ध्वस्त गावात अनाथ मुलांना सांभाळत आहे आणि पहिल्या भेटीत ती बरोबर येण्यास नकार देते. सायन पर्वतावर राहून एका तरुणीला तिच्या मृत प्रियकराच्या नावाने पत्रे लिहीत आहे. लॉक आपल्या मृत प्रेयसीला परत आणण्याच्या आशेने एका गुहेत शिरला आहे, आणि त्या गुहेतून मार्ग काढण्यासाठी चमूचे दोन गट पाडावे लागतात.

म्हणजे पूर्वार्धात चमू कथेच्या आज्ञेने एकत्र होता; उत्तरार्धात तो खेळाडूच्या इच्छेने एकत्र येतो. हा फरक मूलभूत आहे. जेव्हा एकत्र येणे अनिवार्य नसते, तेव्हाच कोणी कोणाला शोधायला गेले असे म्हणता येते. अखेरच्या भेटीत केफ्का जगण्यातील अर्थच नाकारतो, तेव्हा उपस्थित सोबती आपल्याला काय गवसले ते एकेक करून सांगतात. ती उत्तरे त्यांना ताटातुटीच्या काळात सापडलेली आहेत. ते अखंड एकत्र राहिले असते, तर त्यांच्याजवळ सांगण्यासारखे हे उत्तर नसते. अखेरच्या मनोऱ्यात चढतानाही त्यांना तीन गटांत विभागून जावे लागते.

याच खेळातील शॅडो या पात्राचा प्रसंगही उल्लेखनीय आहे. जग कोसळण्यापूर्वी तरंगत्या भूमीवरून पळून जाताना घड्याळ उलटे चालू असते. विमानाजवळ पोहोचल्यावर लगेच उडी मारावी की थांबावे, असे विचारले जाते. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत थांबणाऱ्यालाच शॅडो परत मिळतो. घाईने निघून जाणाऱ्याला तो कायमचा अंतरतो. शॅडो हा पैशासाठी येणारा आणि मनाला येईल तेव्हा निघून जाणारा माणूस आहे. अशा माणसासाठी थांबावे काय, हा प्रश्न येथे वाद घालून विचारलेला नाही. त्यासाठी धावत्या घड्याळाचा उपयोग केला आहे.

५. सोबत्याने घेतलेला निर्णय

दुसऱ्या प्रकारात सोबतीच निघून जाण्याचा निर्णय घेतो. बायोवेअर या कॅनडातील कंपनीचा 'बाल्डर्स गेट' हा खेळ १९९८ मध्ये आला. त्यात पंचवीस सोबती मिळू शकतात आणि नायकासह सहा जणांचा चमू करता येतो. नायकाच्या वर्तनानुसार चमूचा लौकिक वाढतो अथवा घटतो. लौकिक फार खालावला की सज्जन सोबती आक्षेप घेऊ लागतात आणि अखेरीस सोडून जातात. तो फार वाढला की दुर्जन सोबत्यांना ते असह्य होते. काही सोबती जोडीने येतात. जाहिरा व खालिद हे दांपत्य आहे. त्यांपैकी एकाला काढून टाकले तर दुसराही जातो. २००० मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात केल्डॉर्न हा धर्मनिष्ठ योद्धा व व्हिकोनिया यांना दीर्घकाळ बरोबर ठेवले, तर त्यांचे भांडण प्राणांतिक लढाईपर्यंत जाते.

या रचनेने एक साधी गोष्ट प्रस्थापित केली. सोबत्याचे मूल्य त्याच्या शस्त्रबळात मोजता येत नाही, कारण त्याला नायकाच्या कृत्यांविषयी मत आहे. ज्याला मत आहे, त्याच्या राहण्याला संमतीचे स्वरूप येते. दुसरीकडे या रचनेत यांत्रिकताही आहे. लौकिक हा एक आकडा आहे, आणि मंदिरात दान देऊन तो वाढवता येतो. अशा वेळी सोबत्याचा विवेक खतावणीतील जमाखर्चासारखा वाटू लागतो.

नंतरच्या खेळांनी आकड्याऐवजी विशिष्ट प्रसंगाला महत्त्व दिले. 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' (२००९) मध्ये अलिस्टेअर हा नायकाचा अगदी आरंभापासूनचा सोबती आहे. ज्या लोगेनच्या विश्वासघातामुळे त्याचे गुरुस्थानी असलेले वडीलधारे मारले गेले, त्या लोगेनला जीवदान देऊन आपल्या संघात घेण्याचा निर्णय नायकाने केला, तर अलिस्टेअर चमू सोडतो. नायकाने त्याच्याशी आधी कितीही जवळीक साधलेली असली, तरी तो पूर्वीप्रमाणे बरोबर राहत नाही. स्नेहाची साठवण करून ठेवली की नंतर वाटेल ते करता येते, ही समजूत येथे खोटी ठरते.

बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओजचा 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) याच वाटेने पुढे जातो. त्यातील आरंभीच्या सहा सोबत्यांना एकत्र आणणारे कारण स्नेहाचे नाही; प्रत्येकाच्या मेंदूत एक परजीवी अळी शिरलेली आहे आणि तिच्यापासून सर्वांनाच सुटका हवी आहे. समान व्याधी हे एकत्र येण्याचे कारण होऊ शकते. परंतु एकत्र टिकण्यासाठी ते पुरेसे नाही. नायकाने निर्वासितांना आसरा देणाऱ्या उपवनावर हल्ला करणाऱ्यांची बाजू घेतली, तर विल व कार्लाक हे दोघे कायमचे दुरावतात. या खेळात नायकासह चौघेच एका वेळी बाहेर पडतात आणि इतर जण तळावर थांबतात. तळाच्या या योजनेमुळे 'बरोबर असणे' आणि 'एकाच लढाईत असणे' या दोन गोष्टी वेगळ्या होतात. दिवसभर मागे राहिलेला सोबतीही रात्री शेकोटीपाशी बोलतो. 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर'मध्ये याच्या उलट घडत होते. तेथे सोबती लढाईत असे, पण संभाषणात नसे.

६. खेळाडूने केलेली विभागणी

तिसऱ्या प्रकारात चमू फोडण्याची कृती खेळाडूच्या हातून घडते. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण 'मास इफेक्ट २' (२०१०) हे होय. या संपूर्ण खेळाचा आशय म्हणजे एका आत्मघातकी मोहिमेची तयारी. नायक शेपर्ड निरनिराळ्या तज्ज्ञांना गोळा करतो आणि प्रत्येकाची एखादी वैयक्तिक अडचण सोडवून त्याची निष्ठा मिळवतो. एरवी प्रत्येक कामगिरीवर शेपर्डबरोबर दोघेच जातात. परंतु अखेरच्या मोहिमेत सर्वांना उतरावे लागते आणि त्यांची विभागणी करावी लागते. अरुंद मार्गातून जाऊन दारे उघडण्यासाठी एक जण, दुसऱ्या तुकडीचे नेतृत्व करण्यासाठी एक जण, आपल्या शक्तीने संरक्षक कवच धरण्यासाठी एक जण आणि सुटका झालेल्यांना परत नेण्यासाठी एक जण, अशा जबाबदाऱ्या द्याव्या लागतात. चुकीच्या माणसाची निवड झाली, अथवा निवडलेल्याची निष्ठा मिळवलेली नसली, तर कोणीतरी मरतो. दोनपेक्षा कमी सोबती उरले, तर शेपर्डलाही मरण येते. जे मरतात ते २०१२ मधील तिसऱ्या भागातही परत येत नाहीत.

येथे लक्षात घेण्यासारखा मुद्दा असा की, नेमणूक योग्य होण्यासाठी माणसे माहीत असावी लागतात. नेतृत्व करू इच्छिणारा प्रत्येक जण नेतृत्वास पात्र नसतो, हे या खेळात स्वतःहून पुढे येणाऱ्या सोबत्यांवरून दिसते. ज्याने त्यांच्याशी बोलण्यात वेळ दिला आहे, त्याला हे ओळखता येते. ज्याने त्यांना केवळ शस्त्रासारखे वापरले आहे, त्याला येथे किंमत मोजावी लागते. अशा रीतीने विभागणी ही आधीच्या सहवासाची परीक्षा होते. मेजावरील खेळात चमू फोडणे हा अविचार होता. येथे चमू न फोडता पुढे जाताच येत नाही.

७. आक्षेप व त्यांचा विचार

सोबती दुरावण्याच्या कल्पनेवर सामान्यतः तीन आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप श्रमांविषयी आहे. खेळाडूने एखाद्या सोबत्यावर अनेक तास खर्च केलेले असतात. तो गेला की ते श्रम वाया जातात. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. एखाद्या पात्राच्या जाण्याची कोणतीही पूर्वसूचना दिलेली नसेल, तर खेळाडूला वियोगापेक्षा फसवणूकच अधिक जाणवते. परंतु ही हानी होऊच नये असा आग्रह धरला, तर सोबती पुन्हा मोहरा होतो. जे गमावताच येत नाही, त्याची काळजी घेण्याचे कारण उरत नाही.

दुसरा आक्षेप माघारीच्या सोयीविषयी आहे. संगणकीय खेळात पूर्वी जतन केलेल्या टप्प्यावर परत जाऊन निर्णय बदलता येतो. मग ताटातुटीला गांभीर्य कसे राहील? याला रचनाकारांनी दिलेले एक उत्तर म्हणजे कारण व परिणाम यांत अंतर ठेवणे. 'मास इफेक्ट २' मध्ये शेवटच्या मृत्यूचे कारण कित्येक तास आधी टाळलेल्या संभाषणात असू शकते. तेथपर्यंत मागे जाणे सोपे नसते. दुसरे उत्तर म्हणजे ही सोयच काढून घेणे. 'बाल्डर्स गेट ३' मध्ये २०२३ च्या अखेरीस आलेल्या 'ऑनर मोड' या पर्यायात एकच नोंद ठेवता येते आणि मागे फिरता येत नाही. अर्थात हा पर्याय खेळाडूने स्वतः निवडायचा असतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सोबत्याचे निघून जाणेही लेखकाने आधीच लिहून ठेवलेले असते. मग त्याला 'निर्णय' म्हणणे हा शब्दांचा खेळ नव्हे काय? हा युक्तिवाद तर्कशुद्ध आहे. परंतु तो नाटकातील व कादंबरीतील पात्रांनाही तितकाच लागू पडतो. कृत्रिम पात्राला खरी इच्छा नसली, तरी खेळाडूची निवड खरी असते. विल व कार्लाक यांना गमावण्याची शक्यता डोळ्यांसमोर असताना उपवनावर चालून जायचे की नाही, हे एक प्रत्यक्ष माणूस ठरवत असतो. प्रश्नाचे नैतिक केंद्र पात्रात नसून त्या निवडीत आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) चमू फोडू नये हा संकेत मेजावरील खेळाच्या व्यावहारिक गरजेतून आला. संगणकीय खेळात त्या गरजेचा मोठा भाग उरलेला नाही. म्हणून तो अटळ नियम मानण्याचे कारण नाही.

(२) सर्व सोबत्यांना सतत एकत्र ठेवल्याने सहवास आपोआप निर्माण होत नाही. संभाव्य गटांची संख्या इतकी मोठी असते की, बहुधा सोबत्यांना गप्प ठेवूनच त्यांना एकत्र ठेवावे लागते.

(३) कथाकाराने घडवलेली ताटातूट तेव्हाच परिणामकारक ठरते, जेव्हा पुन्हा भेटणे शक्य असते पण सक्तीचे नसते. 'फायनल फँटसी'च्या चौथ्या व सहाव्या भागांतील फरक हाच आहे.

(४) सोबत्याला स्वतःच्या कारणासाठी निघून जाता आले पाहिजे. ते कारण खेळाडूला आधी कळण्याजोगे असावे आणि साठवलेल्या गुणांनी ते पुसता येऊ नये.

(५) विभागणीची कृती खेळाडूवर सोपवली, तर ती सोबत्यांविषयीच्या त्याच्या जाणतेपणाची कसोटी होते.

एकंदरीत, सोबत्यांनी एकत्र राहावे काय, या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच द्यावे लागेल. मात्र त्यासाठी त्यांना वेगळे होण्याची मोकळीक असली पाहिजे. हे उत्तर व्हिडिओ गेमपुरते मर्यादित नाही. स्वर्गाच्या दारात युधिष्ठिराच्या नकाराला महत्त्व आहे, कारण त्या श्वानाला सोडून आत जाणे त्याला शक्य होते. हीच कसोटी आज अनेक विद्यार्थी पडद्यासमोर बसून, सेलेसला विमानात घेऊन, एकेका हरवलेल्या सोबत्याचा शोध घेताना अनुभवत असतात. वर्गात या अनुभवाविषयी त्यांना बोलते करता आले, तर निष्ठा, संमती आणि जबाबदारी या संकल्पनांच्या चर्चेला एक परिचित व जिवंत आधार मिळू शकेल.